तेपचे वरचे चार दात

४ मार्च

नाही, मी त्याला गोड काही देत नाही. तुम्हीपण तेच विचारणार असाल तर वही मिटा आणि दुसरं काहीतरी वाचा.

बिस्कीट नाही, चॉकलेट नाही, ज्यूस नाही. कंडेन्स्ड मिल्कचा डबा आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही, कारण दुधाचा थेंब पोटात गेला तरी पोराच्या अंगावर गांधी उठतात. अंड्याचं तेच. कोळंबीचंही तेच, आणि त्याच्या बापाने, म्हणजे तोआनने, हौसेने नाव काय ठेवलं? तेप. बारकी कोळंबी. चौदा महिन्यांचा झालाय. भाताची पेज खातो, त्यात भोपळा, कधी डुकराचं मांस वाटून, कधी मासा. आणि ते डब्यातलं खास दूध, जे कुणीतरी आधीच पचवून ठेवल्यासारखं असतं आणि वासही तसाच मारतं. त्यातलं निम्मं थोड्या वेळाने वर येतं. जन्मल्यापासून येतंय. मुलांचे डॉक्टर म्हणतात, रिफ्लक्स आहे, जठराचं तोंड सैल, वाढेल तसं घट्ट होईल.

हे सगळं दातांच्या डॉक्टरला सांगितलं. डॉक्टर न्हुंग, माझ्याएवढीच असेल. तिने आरसा तोंडात घातला, वरचे समोरचे चारही दात बघितले आणि म्हणाली, "गोड काय देता?"

"काही नाही."

"हिरडीजवळ बघा, खडूसारखं पांढरं. इथे तर तपकिरी. पोटातलं आम्ल वर येतं, दात नरम पडतो. मग त्यावर काहीतरी गोड जाऊन बसतं."

"काही बसत नाही. उलटी झाली की मी लगेच ब्रश करते."

"लगेच?" तिने आरसा खाली ठेवला. "ताई, नरम पडलेला दात घासून काढताय तुम्ही. पाण्याने पुसा, अर्धा तास जाऊ द्या, मग ब्रश."

दात आल्यापासून मी तेच करतेय. इतक्या मनापासून केलं होतं. बाटली तोंडात घेऊन झोपवायचंही बंद करायला सांगितलं, तेही केलं, आजपासूनच.

पण गोड? मी देत नाही. तोआन दिवसभर गिरणीत मशिनी दुरुस्त करत असतो. उरलं कोण?

६ मार्च

हवा दमट. भिंतींना घाम फुटलाय, फरशीवर पाय घसरतो, त्याची लाळेरी तीन दिवस वाळत नाहीत.

दुपारी आडवा केला की खोकला. क्वतचे दोन चमचे दिले, शांत झाला. क्वत म्हणजे नवीन वर्षाला दारात ठेवतो त्या झाडाची बोराएवढी आंबट संत्री, सासूबाई सण संपला की स्वतः उतरवतात आणि खडीसाखरेत मुरत घालतात. झाड त्यांच्या गावच्या अंगणातलं, म्हणजे फवारणीची भीती नाही. त्यांच्या सगळ्या घरगुती उपायांमधला हा एकच मला पटतो. खरंच गुण येतो. खडीसाखर थंडही असते.

संध्याकाळी त्या तेपला कडेवर घेऊन गल्लीत फिरून आल्या. त्याचा हात चिकट.

"आई, याच्या हाताला काय लागलंय?"

"चौदा महिन्यांच्या पोराचा हात चिकट नसेल तर मग माझा असेल का?"

"कुणी काही दिलं?"

"शेजारणीने केळं दाखवलं. दाखवलं, दिलं नाही. तुझ्या धाकाने आख्खी गल्ली आता नुसतं दाखवते."

हसले नाही. हसायला हवं होतं बहुतेक.

११ मार्च

आज एकाच नवरीचे बत्तीस फोटो. मी स्टुडिओचे लग्नाचे फोटो घरी बसून साफ करते. पुरळ घालवते, दंड बारीक करते, दात पांढरे करते. दात सगळ्यात सोपे. पिवळा रंग उतरवला की झालं, माणूस दहा वर्षांनी लहान.

डॉक्टर न्हुंगने एक क्रीम दिलं. झोपायच्या आधी बोटाने दातांना लावायचं, धुवायचं नाही. दात परत घट्ट होतात म्हणे. देताना विचारलं, "ॲलर्जी आहे ना काहीतरी?" मी म्हटलं, "हो, खाण्याच्या आहेत." तिने मान हलवली. स्ट्रॉबेरीचा वास आहे. तेपला आवडलं, बोट चोखत बसला.

१२ मार्च

हॉस्पिटल. आता बरा आहे.

१४ मार्च

नीट लिहिते. क्रीम लावून दहा मिनिटं नसतील झाली, ओठ सुजले, मग कान, मग पोटावर गांधी, मग श्वासात शिट्टी. तोआनने गाडी काढली, मी मागे तेपला घेऊन. इंजेक्शन दिल्यावर उतरलं. तिथल्या नर्सने विचारलं, काय खाल्लं? मी म्हटलं, काही नाही, उपाशीच होता.

घरी येऊन क्रीमचं खोकं कचऱ्यातून काढलं. बाजूला, तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: दुधातल्या प्रथिनापासून बनवलेलं.

मी. जी बाजारात माशांच्या सॉसची बाटली पाचदा फिरवून वाचते, जिला बघून दुकानदार म्हणतो "आल्या परीक्षक", तिने हे खोकं उघडून सरळ फेकून दिलं होतं. क्रीम खायचं थोडंच असतं?

डॉक्टर न्हुंगचा फोन आला. "मी दोनदा विचारायला हवं होतं," ती म्हणाली. मी तिलाच बोलू दिलं. थोडं बरं वाटलं, खोटं का सांगू.

आज सगळी फळी खाली काढून एकेक वस्तू वाचली. अंगाचा साबण, जंताचं औषध, माझं हाताला लावायचं क्रीमसुद्धा. पाच गोष्टी बाहेर गेल्या. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"मलाही वाचून घे एकदा," त्या म्हणाल्या. "कुठे दूध लिहिलंय का बघ."

न वाचलेलं आता फक्त तांदूळ, मीठ आणि क्वतची बरणी. त्यांना लेबलच नाही.

२० मार्च

पेज खाताना तेपच्या तोंडातून काहीतरी पडलं. तांदळाचा कण वाटला. दाताचा कोपरा होता.

डॉक्टर न्हुंगने दोन रस्ते सांगितले. एक, हनोईला नेऊन, बेशुद्ध करून चारही काढायचे. पण याचं पोटातलं वर येतं, बेशुद्धीत ते फुप्फुसात जायची भीती, म्हणून तो शेवटचा. दुसरा, एक औषध आहे, चांदीचं पाणी असतं तसं. कीड लागलेल्या जागी लावलं की कीड थांबते, दुखत नाही. फक्त ती जागा काळी होते. कोळशासारखी. आणि काळीच राहते, दुधाचा दात पडेपर्यंत.

"यात दूध आहे?"

"नाही. हे घ्या, स्वतः वाचा."

मी वाचलं. तिने वाट बघितली.

"पण लुआ ताई, औषध कीड थांबवतं, कारण थांबवत नाही. आम्ल आणि गोड चालूच राहिलं तर दुसरीकडून सुरू होईल. तीन आठवड्यांनी या. तेव्हा पसरलेलं दिसलं तर मग मला हनोईला चिठ्ठी द्यावी लागेल."

तोआन म्हणतो, "काळे दात? मुलगा आहे, चालतंय. मुलगी असती तर विचार केला असता." मी म्हटलं, तुझे पिवळे चालवून घेतलेच ना मी.

२३ मार्च

लावलं. रडला नाही, डॉक्टरच्या कानातलं ओढत बसला होता. संध्याकाळपर्यंत चारही काळे. हसला की तोंडात चार खिडक्या उघड्या राहिल्यासारख्या दिसतात.

फोटो काढला. संगणकावर मोठा करून बघितला. हात सवयीने दात पांढरे करायच्या बटणाकडे गेला, म्हणून सरळ फाईल बंद केली.

२७ मार्च

सासूबाईंचा कोट धुवायला घेतला. खिशात आल्याच्या गोळ्या, साखरेत घोळवलेल्या. सात-आठ.

जेवताना पानाशेजारी ठेवल्या.

"हे काय आहे, आई?"

"तुला वाचता येतं ना. आल्याच्या गोळ्या. बसमध्ये मळमळतं मला."

"तेपला देता?"

त्यांनी वाडगा खाली ठेवला. "माझ्या खिशातलं माझ्या तोंडात जातं."

"मग त्याला कोण देतंय? हवेतून येतं का गोड? मी देत नाही, तोआन घरी नसतो."

तोआन भाताकडे बघत म्हणाला, "लुआ, जाऊ दे ना."

"जाऊ दे काय? चार दात गेले ते जाऊ दे? उरलेले चार जातील तेव्हाही जाऊ दे म्हण."

"मी तीन पोरं वाढवली," सासूबाई म्हणाल्या. "तिघांनाही दात आहेत. एक तर इथेच बसलाय, दाखव रे तिला."

"त्या तिघांना रिफ्लक्स नव्हता."

"नव्हता. त्यांना नुसता खोकला होता. तेव्हा असली नावंच नव्हती, म्हणून बरी झाली."

मग मी म्हटलं. लिहिते जसंच्या तसं. म्हटलं, "तुम्ही इथे असताना माझ्या पोराचे दात वाचणार नाहीत."

त्या उठल्या आणि भांडी घासायला गेल्या. भांडी माझी पाळी होती.

२८ मार्च

तोआन त्यांना गावी सोडून आला. जाताना त्या माझ्याशी एवढंच बोलल्या: "बरणी वरच्या फळीवर आहे. चमचा कोरडा घाल, नाहीतर बुरशी धरते."

उंबऱ्याशी तेपने दोन्ही हात पुढे केले. त्यांनी घेतलं नाही, नुसता त्याचा तळवा दाबला.

बरोबरच केलं मी. दोन आठवड्यांनी तपासणीला कळेलच.

२ एप्रिल

एकटीने सगळं. एका हाताने तेप, एका हाताने माउस. एका नवरदेवाला काल चुकून दोन कान डाव्या बाजूला लावले, स्टुडिओवाल्याने फोन करून विचारलं, माणूस आहे की हँडल?

पण घर आता माझ्या ताब्यात आहे. कोण आलं, काय दाखवलं, काय दिलं, सगळं माहीत असतं. उलटीनंतर ओल्या फडक्याने पुसते, थांबते, मग ब्रश. शिस्तीत.

खोकला मात्र वाढलाय. आडवा केला की सुरू. आंबट ढेकर येतात त्याला, तोंड वाकडं करतो. मी क्वत दिवसातून तीनदा केलं. शेवटचा चमचा ब्रश झाल्यावर, म्हणजे घशात रेंगाळतं आणि तो शांत झोपतो. बरणी अर्ध्यावर आली. सासूबाई असत्या तर एवढी पटकन का संपली म्हणून विचारलं असतं.

१० एप्रिल

पसरलंय.

चार काळे तसेच आहेत, तिथे थांबलंय. पण मागे नवीन आलेल्या दाढेवर खडू. आणि खालच्या एका दातावरही, जिथे सहसा होत नाही.

"नक्की सगळं केलंत?" डॉक्टर न्हुंग म्हणाली.

"सगळं. आणि सासूबाई पण गेल्यात गावी."

तिने माझ्याकडे बघितलं. "मी सासूबाईंचं विचारलं नाही."

"तुम्हीच म्हणालात ना गोड कुठून तरी येतंय."

"हो. आणि अजून येतंय." मग तिने परत सगळा दिवस विचारला. सकाळी काय खातो, दुपारी काय, पाण्यात काही घालता का. मी सांगितलं. पेज, भोपळा, मासा, दूध, पाणी. तिने लिहून घेतलं आणि त्या कागदाकडे बघत बसली, त्यात काही नव्हतंच. मला मनातून जिंकल्यासारखं वाटलं. काय जिंकलं कुणास ठाऊक.

मेच्या सुट्टीनंतर शेवटची तपासणी. तेव्हाही पसरत असेल तर हनोई. बेशुद्धी. तिने ते शांतपणे सांगितलं, मी शांतपणे ऐकलं, आणि बाहेर येऊन गाडीची किल्ली कुठे लावतात तेच आठवेना.

१३ एप्रिल

डब्यातल्या दुधावर संशय. मग नळाच्या पाण्यावर. मग शेजारणीवर, पण ती बिचारी आता दाखवतसुद्धा नाही. त्याची खेळणी उकळली. रबरी बदकाचा लगदा झाला.

तोआन म्हणाला, "आईला एक फोन तरी कर."

"काय बोलू?"

"काही नको बोलू. तेपचा आवाज ऐकव."

केला नाही.

१९ एप्रिल

स्टुडिओत बसून लिहितेय. फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकलाय.

आज सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होतं. गावी जायलाच लागतं, घरच्या एकुलत्या सुनेने नाही गेलं तर पुढचं वर्षभर त्याच विषयावर जेवणं होतात. सकाळी सगळे जमले. धूप, उकडलेली कोंबडी, चिकट भात, चटईवर मोठी ताटं, ताटाभोवती सहा-सहा जण. सासूबाई कोंबडीचे तुकडे करत होत्या. मला "आलीस" म्हणाल्या, तेपकडे बघितलं, परत सुरी चालवायला लागल्या.

तेप हसला. सगळ्यांनी दात बघितले.

तोआनच्या आत्याने ताटावरून मान लांब केली. "अगं बाई, याला कोळसा चारला की काय?"

"औषध आहे ते, आत्या. कीड लागली म्हणून."

"ऐकलं मी. कीड का लागली तेही ऐकलं." मग सासूबाईंकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "काय वहिनी, नातवाला लाडाने साखर चारलीस म्हणे? म्हातारपणी माणसं आवळून धरतात ती पैशाची पुरचुंडी, तू गोळ्यांची धरलीस."

दोघी-तिघी हसल्या. तोआन कानापर्यंत लाल. कुणाकडे काय बोलला ते कळलं मला. सासूबाईंनी मांडीचा तुकडा घेऊन पणजीच्या वाडग्यात घातला, हाड काढून.

पणजी म्हणजे सासऱ्यांची आई, नव्वदीच्या पुढे. तिला हे बोलणं ऐकूही आलं नसेल. तिने तेपला जवळ ओढलं, अंगठ्याने त्याचा ओठ वर केला आणि खूश झाली. तिचे स्वतःचे दात काळेभोर, लाखेने मुद्दाम रंगवलेले, तिच्या लहानपणी गावात सगळ्या मुलींचे असायचे तसे.

"छान धरलाय रंग," ती म्हणाली. "कुणी बसवला?"

"डॉक्टरने, आजी."

"आता डॉक्टर बसवतात होय. माझे आईने बसवले. लग्नाच्या आधी. फार हाल." तिला गोष्ट सांगायला कुणीतरी मिळालं होतं. "रंग लावायच्या आधी लिंबू. लिंबाचा रस तोंडात धरून बसायचं, थुंकायचं नाही, पाणी प्यायचं नाही. जीभ सुजते. दात असा होतो, खडूसारखा. नख मारलं तर ओरखडा उठेल. घट्ट दाताला रंग लागत नाही ना, आंबटाने आधी त्याला मारावं लागतं." तिने परत त्याच्या तोंडात बघितलं, यावेळी मागच्या दाढेकडे. "इथे पण पांढरा झालाय की. हाही रंगवायचाय का? तुम्ही कसलं लिंबू लावता?"

"लिंबू नाही लावत, आजी," मी म्हटलं.

तेपला खोकला आला. पलीकडच्या ताटावरून तोआन म्हणाला, "लुआ, क्वत आणलंयस ना? दे त्याला."

आणलं होतं. छोट्या बाटलीत, पिशवीत, डायपरच्या बाजूला. चमच्यात ओतलं. तेपने तोंड उघडलं, ते बघितलं की तो आपोआप उघडतो. चमचा त्याच्या ओठाशी नेला आणि माझ्याच तोंडात घातला. खोकला नसताना हे मी कधी चाखलं नव्हतं. आधी इतकं आंबट की कानामागे कळ येते. मग गोड. गोड जात नाही, दातांवर बसून राहतं. जीभ फिरवली तरी बसून राहतं.

ब्रश झाल्यावर, झोपताना. दिवसातून तीनदा. कोरड्या चमच्याने.

आत्याचं चालूच होतं. "आता नातसून झाली की तिलाही दे हो वहिनी, एक-दोन गोळ्या. जोडीने काळे होतील."

मी उठले. उभं राहून बोलायचं नसतं श्राद्धाच्या जेवणात, पण बसून मला जमलं नसतं.

"आत्या, आईंनी त्याला काही दिलं नाही. गोड मी देत होते. हे." बाटली ताटात ठेवली, चिकट भाताच्या बाजूला. "आई गेल्यावर दुप्पट दिलं."

आत्या म्हणाली, "अगं, ते तर खोकल्याचं..." सासूबाई बाटलीकडे बघत होत्या. त्यांनीच भरलेली. मला त्यांचं तोंड बघवेना.

तेपला उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांचे हात कोंबडीच्या तेलाने माखलेले, म्हणून त्यांनी त्याला कोपरांनी धरलं.

"आई, उलटी झाली तर पाण्याने पुसा. ब्रश अर्ध्या तासाने. खोकला आला तर उभा धरा, दुसरं काही नाही. मला स्टुडिओत जायचंय, परवा संध्याकाळी येईन. की तुम्हीच या त्याला घेऊन, घरी."

त्यांनी मान वर केली, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मी चपला हातातच घेतल्या, अनवाणी अंगण ओलांडलं आणि गाडी सुरू केली.